बी आणि पान यांवरून माडाची ओळख

गोमंतकात कुळागराच्या कडेला एखादा अनोळखी माड आपोआप उगवलेला आढळतो. तो कोणता, हे खाली पडलेल्या बीवरून ठरविण्याकडे आपला कल असतो. परंतु केवळ बी पुष्कळदा फसविते.

काही खुणा सोप्या आहेत. नारळाच्या करवंटीस तीन डोळे असतात. शिंदीच्या बीवर एका बाजूस उभी खाच असते. ताडाच्या फळात बहुधा तीन बिया असतात. अडचण येते ती पोफळ आणि भेरली माड यांच्या बाबतीत. दोहोंची बी कापली असता फिकट गरात तपकिरी रेषांची सारखीच नक्षी दिसते.

अशा वेळी पान निर्णय देते. ताडाचे पान पंख्यासारखे, तर नारळ, पोफळ व शिंदी यांचे पिसासारखे असते. शिंदीच्या पानाच्या तळाशी काटेही असतात. भेरली माडाचे पान मात्र दोनदा विभागलेले असून त्याची पर्णिका माशाच्या शेपटीसारखी दिसते.

ही ओळख केवळ जिज्ञासेपुरती नाही. भेरली माडाच्या फळातील रसाळ भागात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांच्या स्पर्शाने त्वचेस खाज सुटते व तोंडाची आग होते. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली दिलेल्या ‘कॅरिओटा युरेन्स’ या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थही ‘दाहक’ असाच आहे. म्हणून सुपारीसारखे फळ उचलण्यापूर्वी मान वर करून पान अवश्य पाहावे व मुलांनाही तशी सवय लावावी.