रानातील रांग

कामगार संघटनेच्या माणसाने शिकारीवर लिहावे, आणि तेही अमेरिकेतल्या, याचे पुष्कळांना नवल वाटेल. यंत्रमागांच्या खडखडाटात आमचे अर्धे आयुष्य गेले. शाळा नववीत सुटली, पुढचे वाचन जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या कृपेने. हरिण आम्ही पाहिले ते चित्रात किंवा पिंजऱ्यात. परंतु २०२३ च्या ऑक्टोबरात भाच्याकडे अमेरिकेस जाण्याचा योग आला. हा भाचा विस्कॉन्सिन राज्यातील एका कारखान्यात अभियंता आहे. तेथील एका वयस्क वेल्डरच्या नादाने त्याने धनुष्यबाण हाती घेतला होता आणि त्याचा तो पहिलाच मोसम होता. "मामा, तुम्ही या बरोबर, पण आईला यातले काही सांगू नका," असे त्याने फोनवरच बजावले होते. आता हे छापले जाणार म्हटल्यावर ताईला कळायचे ते कळेलच.

आम्ही स्वतः धनुष्याला हात लावला नाही. परवाना नसलेल्या माणसाने नुसते बरोबर बसायचे. चार दिवस आम्ही बसलो, आणि जे पाहिले ते आपल्यापुढे ठेवण्याजोगे वाटले, ते शिकारीसाठी नव्हे. ज्या जागेवर सर्वांचा सारखा हक्क आहे आणि जिथे पहारेकरी क्वचितच दिसतो, तिथे अनोळखी माणसे एकमेकांशी कशी वागतात, हा आमच्या धंद्यातला प्रश्न आहे, म्हणून.

प्रथम ही जागा समजून घेऊ. विस्कॉन्सिनच्या उत्तरेस शुवामेगन-निकोले नावाचे राष्ट्रीय अरण्य आहे, सुमारे १५ लाख एकरांचे. ते कोणा जमीनदाराचे नाही. परवाना काढलेला कोणीही माणूस, झाडूवाला असो की बँकेचा अध्यक्ष, तिथे शिकार करू शकतो. जुन्या इंग्लंडात राखीव रानातले हरिण राजाचे असे, आणि ते मारणाऱ्या गरिबाला कडक शिक्षा होत. अमेरिकेत जमीन कोणाचीही असो, तिच्यावरचा वन्य प्राणी त्या मालकाचा नसतो. सरकारने तो जनतेच्या वतीने सांभाळायचा, असा तिथला कायदा आहे. ही कल्पना आम्हाला फार आवडली. मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे 'सर्वांचे' रान मुळात ओजिब्वे लोकांचे. १८३७ आणि १८४२ च्या तहांनी त्यांनी जमीन सोडली, पण तिच्यावर शिकार करण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क खरा आहे हे संघराज्याच्या न्यायालयाने मान्य केले ते १९८३ साली. करारात लिहिलेला हक्क पदरात पडायला एवढा काळ लागावा, याचे इतरांना आश्चर्य वाटेल, आम्हाला वाटले नाही.

सर्वांचे म्हटले की ते लुटले जाते, हा अनुभव अमेरिकेनेही घेतला. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी एकोणिसाव्या शतकात इतकी कत्तल झाली की पांढऱ्या शेपटीची हरणे १९०० च्या सुमारास साऱ्या देशात पाच लाखांच्या आसपासच उरली असावीत, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. मधल्या काळात शिकारीच्या मांसाचा व्यापार बंद झाला, मोसम ठरले, माणशी संख्या ठरली. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्य प्राण्यांसाठी राखून ठेवला, आणि १९७२ साली धनुष्यबाणही त्या करात आले. योगायोग असा की त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या देशात शिकारीचा प्रश्नच उरला नाही. दोन देशांनी दोन वाटा धरल्या. कोणती बरी, हा वाद आज आम्ही घालीत नाही.

बंदूक असताना धनुष्य कशाला, हे मात्र आम्ही पहिल्याच दिवशी विचारले. त्याला इतिहास आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ईशी नावाचा, याही जमातीतला शेवटचा उरलेला मनुष्य रानातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप नावाचा एक शल्यवैद्य त्याच्यावर उपचार करता करता त्याच्याकडून धनुर्विद्या शिकला. ईशी १९१६ साली क्षयाने वारला. पोपने १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिले आणि ते वाचून गोऱ्या अमेरिकनांत ही विद्या पुन्हा रुजली. विस्कॉन्सिनने १९३४ साली धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा वेगळा मोसम प्रथम उघडला. अरण्यशास्त्रज्ञ आल्डो लिओपोल्ड त्या वेळी तिथल्या विद्यापीठात होते; तेही धनुष्याने शिकार करीत.

आजचे धनुष्य रामायणातल्या चित्रासारखे दिसत नाही. दोन्ही टोकांना कप्प्या असतात. साठ पौंडांचे धनुष्य पूर्ण ताणले की हातावर पंधरा पौंडांच्या आतबाहेर भार राहतो, त्यामुळे नेम धरून थांबता येते. तरीही हरिण वीस-तीस पावलांवर यावे लागते. बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो, आवाज अकराशे फूट. म्हणजे दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो आणि हरिण दचकून खाली दबते. लांबून सोडलेला बाण त्यामुळे भलतीकडे लागतो. शिवाय गोळीच्या धक्क्यासारखा बाणाचा धक्का नसतो. पाते आत जाते, रक्त वाहते, त्याने जनावर मरते. छातीत लागले तर मिनिटभरात, पोटात लागले तर कित्येक तासांनी. या शिकारीचे बहुतेक रीतिरिवाज या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

आता त्या वेल्डरविषयी. आमच्या भाषेत त्यांना वस्तादच म्हटले पाहिजे. बोलणे मोजके, हात भाजल्याच्या खुणांनी भरलेले, आणि तीस वर्षे संघटनेचे सभासद. पहाटे चारला त्यांच्या गाडीतून आम्ही रानाच्या वाटेवर पोचलो. गाड्या उभ्या करण्याच्या लहानशा मोकळ्या जागेत एक गाडी आधीच उभी होती. वस्तादांनी एक शब्द न बोलता गाडी वळवली. भाच्याला राग आला. पंधरा लाख एकर रान, त्यावर आपला तेवढाच हक्क, आणि गेले दोन महिने त्याने तीच जागा हेरून ठेवलेली! वस्ताद म्हणाले, "तो आपल्या आधी उठला."

आम्हाला आमच्या चाळीतला नळ आठवला. नळ नगरपालिकेचा, पाणी सर्वांचे, पण पहाटे ज्याची बादली पहिली त्याचा नंबर पहिला. हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नव्हते. आणि ज्या दिवशी कोणी दुसऱ्याची बादली सरकवली, त्या दिवशी चाळीत काय होई तेही आम्ही पाहिलेले आहे.

दुसऱ्या जागी भाचा झाडावर चढला. तिथे झाडाला बांधायचे हलके मचाण असते. सार्वजनिक जमिनीवर झाडात खिळे ठोकू नयेत, दुसऱ्याचे मचाण रिकामे दिसले तरी त्यावर बसू नये, आणि चढण्यापूर्वी कमरेचा पट्टा खोडाला अडकवावा. मचाणावरून पडून होणारे अपघात तिकडे पुष्कळ आहेत, आणि वस्ताद या पट्ट्याच्या बाबतीत आमच्या कारखान्यातल्या कोणत्याही सुरक्षा अधिकाऱ्यापेक्षा कडक होते. आम्ही वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका पडलेल्या झाडामागे बसलो. हरणाचे नाक फार तीव्र. आमची तंबाखूची डबी घरीच ठेवावी लागली, हा आम्हाला झालेला सर्वांत मोठा त्रास.

उजाडायच्या आधी दुरून एक विजेरी आमच्याकडे येताना दिसली. भाच्याने आपली विजेरी दोनदा उघडमीट केली. समोरचा थांबला, त्यानेही एकदा उघडमीट केली आणि आल्या वाटेने फिरला. आमची दुसरी जागा होती ती त्याची पहिली असावी. ना शब्द, ना भांडण. दोघेही सशस्त्र होते, हे ध्यानात घ्या.

तीन दिवस तसेच गेले. पायाची बोटे बधिर झाली, खारींच्या पावलांना हरिण समजून छाती धडधडली. दुसऱ्या संध्याकाळी एक उत्तम नर पंचवीस पावलांवर येऊन उभा राहिला, पण सरळ समोर तोंड करून. अशा वेळी छातीपुढे हाड असते आणि नेमाची जागा अरुंद. हरिण आडवे, किंवा तिरके पाठमोरे झाल्याखेरीज बाण सोडायचा नाही, हा नियम. भाचा पाच मिनिटे धनुष्य न ताणता उभा राहिला. हरिण निघून गेले. खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. वस्तादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. चार दिवसांत त्यांनी अशी थाप एकदाच मारली.

तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास बाण सुटला. आम्हाला टप्प असा एक ओला आवाज ऐकू आला. हरिण उधळले नाही; पाठ कमान करून हळूहळू चालत झुडपात गेले. भाचा आनंदात होता. वस्ताद आले, त्यांनी बाण शोधला, नाकाशी धरला आणि काही बोलले नाहीत. बाणावर रक्त थोडे आणि हिरवट घाण. पोटात लागला होता.

अशा वेळी अडाणी माणूस मागे धावतो. धावले की ते जखमी जनावर उठून मैलभर जाते आणि सापडतच नाही. एकटे सोडले तर जवळच बसते आणि तिथेच मरते. म्हणून रक्ताच्या शेवटच्या थेंबापाशी खूण बांधायची आणि आठ-दहा तास थांबायचे. नियम शहाणपणाचा आहे, पण ती रात्र आम्ही विसरणार नाही. बाहेर गोठवणारी थंडी, त्या रानात लांडगेही आहेत, आणि तिकडे एक जीव तळमळत असणार. भाचा रात्रभर बसून होता. "मामा, मी चार बोटे पुढे मारायला हवा होता," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आम्ही त्याचे समाधान केले नाही. चूक त्याची होती, आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली होती. धनुष्याच्या शिकारीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही रात्र वगळून बोलू नये, असे आमचे मत आहे.

सकाळी माग काढत निघालो तर रक्ताची रेघ एका झाडाखालून जात होती, आणि वर मचाणावर माणूस! विजेरी मिचकावून परत फिरलेला तोच, हे मागाहून कळले. कोणी शिकारीला बसले असता त्याच्यासमोरून चालत जाणे म्हणजे त्याची सकाळ बुडवणे. वस्ताद दूर थांबले, टोपी काढून हलवली, खाणाखुणांनी विचारले. तो माणूस खाली उतरला. त्याने धनुष्य झाडाला टेकवले आणि आमच्याबरोबर गुडघ्यांवर रांगत वाळक्या पानांवरचे ठिपके शोधू लागला. खुणेचा थेंब सापडला की एकाने तिथेच उभे राहायचे, बाकीच्यांनी पुढे पाहायचे. अडीच तास गेले. हरिण ओढ्याच्या काठी सापडले, मेलेले. पोटात लागलेले जनावर पाण्याकडे जाते, हे त्या माणसाला ठाऊक होते. तो नसता तर आम्ही टेकडीकडे शोधत बसलो असतो.

भाच्याने हरणावर परवान्याची चिठ्ठी लावली. आतडी वाटेपासून दूर नेऊन टाकली, कारण त्याच वाटेने उद्या कोणाची मुले चालणार. मांसातले पुढचे दोन्ही पाय त्याने त्या माणसाला देऊ केले. त्याने एक घेतला. त्याचे नाव आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत शिकारीची नोंद सरकारात करावी लागते, ती भाच्याने त्याच दुपारी फोनवरून केली.

गाडीपाशी आल्यावर वस्तादांनी भाच्याला विचारले, उरलेला मोसम काय करणार? अजून दोन महिने बाकी होते. भाच्याने धनुष्य पेटीत ठेवून कुलूप लावले. पुढच्या वर्षभर तो रोज कामावरून आल्यावर अंगणात तीस बाण मारीत असे, वीस पावलांवरून, असे ताईच्या सुनेने आम्हाला कळवले.