मेलेला नव्हे, कात टाकलेला

सिंगापूरच्या सेरंगून रोडच्या तोंडाशी टेक्का मार्केट आहे. तिथल्या मासळीबाजारात दोरीने जखडलेल्या चिंबोऱ्या पाहिल्या की कोकणी माणूस भावाची चौकशी केल्याशिवाय पुढे सरकत नाही. पण मला सांगायचं आहे ते या बाजारात न दिसणाऱ्या एका प्राण्याबद्दल. खेकडा म्हणून ओळखला जाणारा, पण खेकडा नसलेला. मलय भाषेत त्याला बलांकास म्हणतात. नर मादीच्या पाठीला धरून दिवसेंदिवस तसाच फिरतो, म्हणून सदा एकत्र दिसणाऱ्या जोडप्याला इथली माणसं ‘बलांकाससारखे’ म्हणतात. इंग्रजी नावाचा अर्थ घोड्याच्या नालासारखा खेकडा, म्हणून आपण त्याला नालखेकडा म्हणू. नातं मात्र कोळी आणि विंचवाशी जवळचं.

सिंगापूरच्या उत्तर किनाऱ्यावर, क्रांजी आणि मंडाईच्या खारफुटीतल्या चिखलात, तो अजून टिकून आहे. इथे त्याच्या दोन जाती आहेत. त्या ओळखायच्या तर शेपटी बघायची: खारफुटीतल्या जातीची गोल, दुसरीची तिधारी. ही शेपटी डंख मारत नाही. उलटा पडला की सुलटं व्हायला ती टेकूसारखी वापरतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ती किंचाळतात आणि मग बिचाऱ्याला दगड बसतो.

त्याची अंडी वाळूत उबतात. बाहेर पडणाऱ्या पिल्लाला लांब शेपूट नसते. अंग चपटं, गोलसर, मागच्या भागावर आडव्या खाचा. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत या अवस्थेचं नाव आहे ‘ट्रायलोबाइट डिंभक’.

ट्रायलोबाइट म्हणजे सुमारे 52 कोटी वर्षांपूर्वी समुद्रात अवतरलेले आणि 25 कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारात संपलेले संधिपाद प्राणी. त्यांच्या 20 हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे. नावातल्या ‘ट्राय’चे तीन भाग म्हणजे डोकं, धड, शेपूट नव्हेत. पाठीच्या लांबीने गेलेला मधला उंचवटा आणि त्याच्या दोन बाजू, असे ते तीन. ही चूक छापील पुस्तकांतही दिसते. त्यांच्या डोळ्यांची भिंगं कॅल्साइटची होती, म्हणजे चुनखडीत असतं त्याच खनिजाची.

मग नालखेकडा ट्रायलोबाइटचा वंशज का? पिल्लू पाहून तसं वाटतं खरं, पण पिल्लाचं रूप म्हणजे वंशावळ नव्हे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका खडकात पायराइटने जपलेल्या ट्रायलोबाइटांना मिशा, म्हणजे स्पर्शिका, असल्याचं 1893 मध्ये दिसलं. नालखेकड्याला स्पर्शिका नाहीत; तोंडापुढे छोटे चिमटे आहेत. संधिपादांच्या घराण्यात ट्रायलोबाइटांना नेमकं कुठे बसवायचं, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. शिवाय नालखेकड्यांचं घराणं काही नंतरचं नाही. कॅनडात मॅनिटोबामध्ये सापडलेला त्यांचा एक पूर्वज 44.5 कोटी वर्षांचा आहे, म्हणजे दोघं कित्येक कोटी वर्षं एकाच समुद्रात नांदले. ‘जिवंत जीवाश्म’ ही पदवी म्हणूनच मला फारशी रुचत नाही. आजचे बलांकास आजचेच आहेत, फक्त घराण्याचा साचा जुना.

सेरंगूनमध्ये मात्र ट्रायलोबाइट शोधायला जाऊ नये. सिंगापूर बेटाच्या मध्याचा ग्रॅनाइट वितळलेल्या रसाचा, त्यात जीवाश्म कुठून? पूर्वेकडची जुनी गाळमाती त्या मानाने कालपरवाची. सह्याद्रीचीही तीच रड: 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. ट्रायलोबाइट पाहायचे तर आपल्याकडे हिमाचलात स्पितीला जावं लागतं. तिथल्या प्राचीन कँब्रियन काळातल्या जीवाश्मांवरचा जीवाश्मतज्ज्ञ रीड यांचा ग्रंथ 1910 चा. देवघरातला शाळिग्रामही हिमालयातला समुद्री जीवाश्मच, पण तो अमोनाइट, मृदुकाय प्राण्याचा. सिंगापूरहून एक सोयीचं ठिकाण म्हणजे सुमारे साडेसातशे किलोमीटरवरचं थायलंडचं तारुताओ बेट. तिथल्या थरांतून ट्रायलोबाइटच्या दहा नव्या प्रजातींचं वर्णन 2023 मध्ये प्रसिद्ध झालं. एकीला राजकन्या सिरिंधोर्न यांचं नाव आहे. सोबत ज्वालामुखीच्या राखेचे थर असल्याने वयही पक्कं काढता येतं: सुमारे 49 कोटी वर्षं.

आता मुद्द्याचं. ट्रायलोबाइटचे जे जीवाश्म हाती येतात, त्यांतले पुष्कळसे मेलेल्या प्राण्यांचे नाहीतच. ती टाकलेली कात आहे. कवच ताणलं जात नाही, म्हणून वाढायचं तर जुनं सोडून नवं घडवावं लागतं. एक ट्रायलोबाइट आयुष्यात अनेकदा कात टाकायचा, आणि जनावर एक, जीवाश्म मात्र अनेक, असं होऊ शकायचं. बऱ्याच प्रजातींत डोक्यावर ठरलेल्या शिवणी असत. त्या उसवून प्राणी बाहेर पडे. संग्राहकाला गाल एकीकडे आणि धड दुसरीकडे मिळतं, ते बहुधा यामुळेच.

नालखेकडा अजून हेच करतो, थोड्या वेगळ्या रीतीने. त्याचं कवच पुढच्या काठाला फाटतं आणि तो पुढून सरकत बाहेर येतो. प्रौढ होईपर्यंत हे डझनाहून अधिक वेळा.

गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या प्राण्यावर बरंच काम केलं आहे, पण नमुने पूर्व किनाऱ्याचे. भारतात त्याची वस्ती ओडिशा-बंगालकडे. त्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून हवा लागली की ते निळं पडतं, आणि जिवाणूंच्या विषाचा अंश भेटताच गोठतं. इंजेक्शनची औषधं तपासायला हेच रक्त वापरलं जातं. इकडे मंडाईत सिंगापूरच्या नेचर सोसायटीचे स्वयंसेवक बेवारस जाळ्यांत अडकलेले बलांकास सोडवतात आणि मोजतात.

सेरंगून नदीच्या मुखाशी एक बेट आहे, कोनी आयलंड. मलयमध्ये पुलाऊ सेरंगून. 2015 पासून ते उद्यान आहे. त्या किनाऱ्यावर किंवा जोहोर सामुद्रधुनीच्या कुठल्याही चिखलकाठी, ओहोटीला नालाच्या आकाराचं हलकं, तपकिरी कवच दिसलं, तर मेलेला प्राणी म्हणून हळहळू नका. उचलून पुढचा काठ बघा. तिथे फट असेल, आत काहीच नसेल, तर मालक मापाने थोडा वाढून त्याच चिखलात कुठेतरी गेला असेल.