मंगळवारी निघाला, सोमवारी पोचला!

वाचकहो, आज रात्री जेवताना घरातल्या पोरांना एक कोडे घाला. एक माणूस मंगळवारी सकाळी सात वाजता विमानात बसला. सात तास प्रवास केला आणि उतरला तो सोमवारी संध्याकाळी सहाला! हे कसे?

ही थट्टा नाही. पॅसिफिक महासागरात ग्वाम आणि होनोलुलू असे दोन विमानतळ आहेत. ग्वाम हे पश्चिमेकडचे बेट, होनोलुलू पूर्वेकडे हवाई बेटांत. मध्ये सुमारे ६,१०० किलोमीटर पाणीच पाणी. या पाण्यावरून तारीख बदलण्याची रेषा जाते. ग्वामचे घड्याळ होनोलुलूच्या वीस तास पुढे. म्हणून तिकडून इकडे येताना गेलेला वार पुन्हा भेटतो, आणि उलट जाताना एक वार हातचा निसटतो.

अंतर तेच, पण वेळ सारखा लागत नाही. उंचावरचा वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ग्वामहून येताना तो पाठीशी असतो, म्हणून साधारण सात तास पुरतात. जाताना तोच वारा तोंडावर येतो आणि आठ तासांच्या आसपास लागतात. बैलगाडीला चढ-उतार, तसा विमानाला वारा!

पण खरी गंमत पुढेच आहे. या दोन बेटांमध्ये आपल्या एस.टी.सारखे थांबत थांबत जाणारे एक विमानही आहे. ही सेवा १९६८ साली सुरू झाली. मजुरो, क्वाजालीन, कोसराए, पोनपे आणि चूक (हे बेटाचेच नाव बरं का!) असे थांबे घेत ते जाते. त्याला चौदा-पंधरा तास लागतात. वाटेत बिघाड झाला तर कोण धावून येणार? म्हणून दुरुस्तीचा कारागीरही विमानातच बसलेला असतो.

तुम्ही म्हणाल, सरळ विमान असताना दुप्पट वेळ कोण घालवील? पण मधल्या बेटांवरच्या माणसांना विचारा. या बेटांना जोडणारी रेल्वे नाही, सडक नाही. जहाजाला दिवसच्या दिवस लागतात. मोठे दुखणे आले तर रोग्याला होनोलुलू किंवा ग्वामच्या दवाखान्यात नेणारे हेच विमान.

मजुरोचे तर आणखी नवल. बेट म्हणजे प्रवाळाची अरुंद पट्टी. नदी नाही, ओढा नाही. तिथे विमानाच्या धावपट्टीवर पडलेले पावसाचे पाणी वाहवून तळ्यांत साठवतात आणि शुद्ध करून गावाला प्यायला देतात. ज्या पट्टीवर विमान उतरते, तीच गावाची तहान भागवते!

सरळ जाणाऱ्याला ही बेटे ढगांखाली दिसतही नाहीत. ती जगाला जोडलेली राहिली आहेत, ती या थांबणाऱ्या विमानामुळे. ज्यांच्या गावी दिवसातून एकच गाडी येते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.