सामान्य घराच्या वंशवृक्षात राजा येतो कुठून?

२०१६ साली बीबीसीच्या 'हू डू यू थिंक यू आर?' या मालिकेत नट डॅनी डायर याच्या घराण्याचा मागोवा घेण्यात आला. डायर पूर्व लंडनमधल्या कामगार वस्तीत वाढलेला. शोध पिढ्यामागून पिढ्या मागे सरकत थेट इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजापर्यंत पोचला. या एडवर्डने १३२७ ते १३७७ अशी पन्नास वर्षे राज्य केले. ऐकणाऱ्याला हे नवलाचे वाटते. वंशावळींच्या अभ्यासकांना तसे वाटत नाही, कारण ज्याची मुळे ब्रिटनमध्ये आहेत असा जवळजवळ प्रत्येक माणूस एडवर्डचा वंशज असणार, असे गणितच सांगते. दुर्मीळ असतो तो पुरावा. हे कसे घडते, ते क्रमाने पाहू.

जागा जास्त, माणसे कमी

आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणज्या-पणजोबा आठ. दर पिढीला आकडा दुप्पट होतो. दहा पिढ्या मागे १,०२४ जागा भरतात, वीस पिढ्या मागे १०,४८,५७६. एका पिढीला २८ ते ३० वर्षे धरली तर एडवर्डच्या काळापर्यंत सुमारे २२ पिढ्या होतात आणि तिथे जागा असतात ४१,९४,३०४. १३४८ च्या प्लेगनंतर इंग्लंडची सगळी लोकसंख्या हळूहळू ३० लाखांच्याही खाली आली होती. मग एवढे पूर्वज आले कुठून?

उत्तर असे की एकच माणूस अनेक जागांवर येतो. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होते. अशा जोडप्याच्या मुलांना पणज्या-पणजोबा आठ नसतात, सहाच असतात. कारण नवऱ्याच्या आईचे आईवडील तेच बायकोच्या वडिलांचेही आईवडील. जवळचे नाते असले की हे चटकन दिसते. पाच-सहा पिढ्यांपूर्वीचे नाते कुणाच्या लक्षात नसते, पण परिणाम तोच होतो. जितके मागे जावे तितक्या फांद्या पुन्हा एकमेकींना मिळतात.

येल विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ साली हे गणित नीट मांडले. लग्ने कुणाचीही कुणाशी होतात असे गृहीत धरलेल्या समाजात पुरेसे मागे गेले, की त्या काळच्या माणसांचे दोनच गट पडतात. सुमारे ८० टक्के लोक आजच्या प्रत्येकाचे पूर्वज ठरतात. उरलेल्यांचा वंश पूर्ण खुंटलेला असतो. २०१३ साली पीटर राल्फ आणि ग्रॅहम कूप यांनी युरोपभरच्या लोकांच्या डीएनएची तुलना केली, तेव्हाही दिसले की हजार वर्षांपूर्वीचे पूर्वज बहुतेक सगळ्या युरोपियनांना सामाईक आहेत. म्हणून ८१४ साली वारलेला सम्राट शार्लमेन आजच्या सामान्य युरोपियनाचा पूर्वज ठरतो. त्याच्या शेतावर राबणारा मजूरही, वंश टिकला असेल तर, तितकाच पूर्वज ठरतो.

राजवाड्यातून खाली येणारी वाट

प्रत्यक्षात राजाचा वंश सामान्यांत उतरतो तो धाकट्या मुलांमधून आणि मुलींमधून. इंग्लंडमध्ये जमीन आणि किताब थोरल्या मुलाकडे जात. धाकट्यांना चर्च, वकिली, सैन्य किंवा व्यापार यांत वाट शोधावी लागे. मुली थोड्या खालच्या घराण्यांत दिल्या जात. काही पिढ्यांत राजाचे खापरपणतू लहानशा जमिनीवर जगणारे गृहस्थ होऊन जात.

डायरच्या वंशावळीतला सुरुवातीचा भाग पाहा. एडवर्डचा मुलगा लायोनेल. त्याचे एकुलते अपत्य फिलिपा; ती मॉर्टिमर घराण्यात गेली. तिची मुलगी एलिझाबेथ पर्सी घराण्यात गेली, एलिझाबेथची मुलगी क्लिफर्डांकडे, तिची मुलगी मेरी वेंटवर्थांकडे. मेरीचा मुलगा हेन्री वेंटवर्थ. त्याची मुलगी मार्जरी सीमोर घराण्यात गेली आणि मार्जरीची मुलगी एलिझाबेथ हिने १५३७ साली ग्रेगरी क्रॉमवेलशी लग्न केले. दीडशे-दोनशे वर्षांच्या या प्रवासात सहा स्त्रिया आहेत आणि आडनाव सहा वेळा बदलले आहे. आडनावाच्या मागे जाणाऱ्याला ही वाट सापडलीच नसती.

ग्रेगरीचे वडील थॉमस क्रॉमवेल हे आठव्या हेन्रीचे मंत्री. थॉमसचे वडील मात्र पुटनी गावात लोहारकाम आणि बिअर गाळण्याचा धंदा करणारे. डायरच्या वंशवृक्षात राजा आणि लोहार असे दोघेही आहेत.

कागद

याच थॉमस क्रॉमवेल यांनी १५३८ साली इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम दिला. आजचा सगळा शोध त्या वह्यांवर उभा आहे. रीत अशी की सुरुवात स्वतःपासून करायची आणि एकेक पिढी मागे जायचे. १८३७ पासूनची सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी, १८४१ पासूनच्या नावनिशीवार जनगणना, त्याआधी पॅरिशच्या वह्या आणि मृत्युपत्रे. १५३० ते १६८८ या काळात शाही अधिकारी परगण्या-परगण्यांत फिरून कुलचिन्हे वापरणाऱ्या घराण्यांच्या वंशावळी तपासत. त्याही उपयोगी पडतात.

बहुतेक कष्टकरी घराण्यांचा माग पॅरिशच्या वहीत कुठेतरी थांबतो. जमीनदार घराण्याशी जोडणारा एखादा पूर्वज सापडला, तरच पुढची दारे उघडतात. खरी जोखीम इथेच असते. एका गावात एकाच नावाची तीन माणसे असतात आणि त्यांतला सोयीचा तो आपला असे मानण्याचा मोह होतो. म्हणून मुलाला आईबापांशी जोडणारा त्या काळचा कागद प्रत्येक पायरीवर हवा. एक दुवा कच्चा निघाला, तर त्यापलीकडचे सारे राजे गळून पडतात.

रक्त

पूर्वज असणे आणि त्याचा डीएनए आपल्यात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दर पिढीला निम्माच डीएनए पुढे जातो, तोही मोजक्या तुकड्यांत. दहा पिढ्यांपूर्वीच्या १,०२४ पूर्वजांकडून आपल्याला साधारण साडेसहाशे तुकडे मिळालेले असतात. म्हणजे अनेकांकडून काहीच नाही. बावीस पिढ्यांनंतर एडवर्डचा एखादा तुकडा आजच्या वंशजात असण्याची शक्यता फार थोडी.

कागदाचीही परीक्षा झालेली आहे. १४८५ साली लढाईत मारला गेलेला तिसरा रिचर्ड हा एडवर्डचा पुरुषवंशज. २०१२ साली लेस्टरमध्ये एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. बहिणीच्या स्त्रीवंशातून आलेल्या आजच्या नातेवाइकांशी त्याचा डीएनए जुळला. कागदोपत्री एडवर्डचेच पुरुषवंशज असलेल्या आजच्या पाच पुरुषांशी मात्र पितृवंशाचा डीएनए जुळला नाही. म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी नोंदलेला बाप हा खरा बाप नव्हता.

आपल्याकडे

महाराष्ट्रात लग्ने बहुतांशी जातीच्या आणि ठरावीक मुलखाच्या आत होत आली. त्यामुळे चँग यांचे गृहीतक इथे जसेच्या तसे लागू होत नाही. फांद्या मिसळतात त्या मुख्यतः त्या वर्तुळात. साधने मात्र आपल्याकडेही आहेत: छापील कुलवृत्तांत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, दक्षिण महाराष्ट्रात वंशावळी सांगणाऱ्या हेळव्यांकडच्या नोंदी. यांतल्या बहुतेक नोंदी बापाकडून मुलाकडे जातात आणि मुलगी सासरी गेली की तिची शाखा थांबते. याच पद्धतीने एडवर्डची वंशावळ लिहिली असती, तर लायोनेलचा वंश दुसऱ्याच पायरीवर संपला असता.

म्हणून घरच्या वंशवृक्षाची सुरुवात आठही पणज्या-पणजोबांपासून करावी. आईच्या आईचे माहेर कुठले, तिच्या आईचे नाव काय, हे आज घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून गावाच्या नावासकट लिहून ठेवावे. राजाची नोंद इतिहास ठेवतोच. या बायकांची नोंद आपण ठेवली नाही तर कुणीच ठेवणार नाही.