पाषाणाखालचा मांजऱ्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या एका शेतात विहिरीचे काम चालू होते. काठावर यारी, तळाशी सुरुंगाची भोके पाडणारी माणसे. खोदलेल्या भिंतीवर सगळे थर उघडे पडले होते : कपाशीची काळी माती, मुरूम, भोकाभोकांचा मांजऱ्या आणि तळाला काळा पाषाण.

"पाषान लागला भाऊ. आता खाली मांजऱ्या भेटला तरच पानी," वर आलेला कामगार म्हणाला. त्याचा अंदाज खडकाच्या जन्मकथेला धरून होता.

यारीने वर आणलेला ताजा तुकडा हाताला जड लागतो. नुसत्या डोळ्यांना त्यात कण दिसत नाहीत. भिंग लावले की फेल्स्पारच्या बारीक काड्या चमकतात. हा बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी प्रावरणातून वितळून आलेला लाव्हा भेगांवाटे जमिनीवर पसरला आणि लवकर थिजला. स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही. असे थरावर थर साचत गेले. आजही त्यांनी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापला आहे. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले, तो मांजऱ्या. त्यातल्या कित्येक पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे भरली. त्यांवर पातळ आम्लाचा थेंब टाकून पाहावा : कॅल्साइट फसफसतो, झिओलाइट फसफसत नाही. थराचा मधला भाग मात्र घट्ट पाषाण. त्यात पाणी असलेच तर भेगांत.

याच्या उलट जातीचा खडक म्हणजे ग्रॅनाइट. दारव्ह्यात तो भेटतो स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बाहेरगावाहून आलेला. गुलाबी फरशी जवळून पाहा. गुलाबी फेल्स्पार, काचेसारखे क्वार्ट्झ, अभ्रकाचे काळे ठिपके, सगळे वेगवेगळे ओळखू येते. ग्रॅनाइटचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, बहुधा खंडाचे कवच वितळून झालेला. तो जमिनीखाली काही किलोमीटर खोल अडकला आणि लाखो वर्षे सावकाश निवत राहिला. त्यात सिलिका सुमारे 70 टक्के, बेसॉल्टमध्ये 50च्या आसपास. म्हणून एक फिकट आणि हलका, दुसरा काळा आणि जड. निव्वळ काळी फरशी मात्र ग्रॅनाइट म्हणून विकली जात असली, तरी बहुतेकदा डोलेराइट किंवा गॅब्रो असते. बेसॉल्टच्याच जातीचा मॅग्मा जमिनीखाली थिजून ती झाली. गुलाबी फरशीपेक्षा विहिरीतला पाषाण तिला जवळचा.

मातीही याच फरकातून येते. क्वार्ट्झ सहसा कुजत नाही, त्याची वाळू उरते. ग्रॅनाइटवरची जमीन रेताड होते. बेसॉल्टमधली खनिजे कुजून चिकणमाती होते. ओल धरणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ही काळी माती, यवतमाळची कपाशी जिच्यावर उभी आहे, मुळात लाव्हाच आहे.

महाराष्ट्रात हे दोन्ही खडक एकाखाली एक असेही आढळतात. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतले, तेव्हा 338 मीटर बेसॉल्ट संपल्यावर काही मीटर गाळाचा थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातले पुरातन खडक लागले. नांदेडच्या देगलूरकडे तर ग्रॅनाइट उघडाच आहे.

तिथे विहीर खोदणाऱ्याला पाणी मिळते ते वरच्या कुजलेल्या पट्ट्यात, नाहीतर भेगेत. खाली मांजऱ्या नसतोच. दारव्ह्यात तो असू शकतो. पण पाषाण किती जाड हे वरून कळत नाही आणि शेतकऱ्याचा पैसा सुरुंगागणिक जातो. अशा वेळी शेजारच्या जुन्या विहिरींत उतरून मांजऱ्याचा पट्टा किती हातांवर आहे हे मोजावे, जमिनीच्या उताराचा हिशेब धरावा आणि मगच पुढचा सुरुंग भरावा.