ऑगस्टमध्ये अडणारी बेरीज

आठ अधिक एक किती? पहिलीतले मूलही पटकन 'नऊ' म्हणेल. पण सेकंदाला कोट्यवधी आकडेमोडी करणारा संगणक या बेरजेपाशी अडून बसतो, असे कुणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? असे खरोखर घडते. आणि गंमत म्हणजे जानेवारी ते जुलै सारे सुरळीत चालते, गाडी अडते ती ऑगस्टात!

युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मली. आपण टंकलेली आज्ञा वाचून ती प्रणालीकडून करवून घेणारा जो मध्यस्थ असतो, त्याला 'शेल' म्हणजे कवच म्हणतात. नेहमीच्या आज्ञा एका फाइलीत ओळीने लिहून ठेवल्या, की झाली शेलची 'स्क्रिप्ट'.

१९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल बाहेर पडला. या शेलला बेरीज येतच नव्हती! त्याच्या लेखी सगळी नुसती अक्षरे. '२ + ३' म्हणजे पाच नव्हे, तर तीन चिन्हे. हिशेब हवा असेल तर 'एक्स्पर' नावाच्या वेगळ्या प्रोग्रामला हाक मारावी लागे. प्रत्येक बेरजेला नवा प्रोग्राम सुरू करायचा, म्हणजे एकेका लिंबासाठी बाजारात फेरी घालण्यासारखेच. गुणाकाराची तऱ्हा तर आणखी मजेची. गुणाकाराचे चिन्ह *. पण शेलच्या भाषेत सुट्या * चा अर्थ 'इथल्या सगळ्या फाइलींची नावे'. त्यामुळे 'एक्स्पर ६ * ७' असे लिहिले, की बिचाऱ्या एक्स्परच्या हाती पडे ६, मग फाइलींची यादी आणि शेवटी ७! हे टाळण्यासाठी * च्या आधी \ अशी रेघ द्यावी लागे.

पुढे डेव्हिड कॉर्न यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या शेलमध्ये गणित आतच आले. इतर शेलही गणित शिकले, पण प्रत्येकाची लकब निराळी. एका यंत्रावरची स्क्रिप्ट दुसऱ्यावर अडू लागली. अखेर १९९२ च्या पॉझिक्स मानकाने सर्वांसाठी एक रूप ठरवून दिले: $((६ * ७)). या दुहेरी कंसात * म्हणजे गुणाकारच. (इथे वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरी वापरली आहे, यंत्रावर अंक व अक्षरे रोमन लिहावयाची.) हे गणित फक्त पूर्णांकांचे. $((७ / २)) चे उत्तर साडेतीन नव्हे, ३ येते. घातासाठी  हे चिन्ह काही शेलना कळते, पण मानकात ते नाही. उबुंटू प्रणालीने २००६ साली 'बॅश'च्या जागी 'डॅश' हा चपळ शेल स्क्रिप्टांसाठी नेमला, तेव्हा बॅशच्या खास लकबींवर विसंबलेल्या कितीतरी स्क्रिप्टा बंद पडल्या.

आता ऑगस्टकडे वळू. समजा, एका दुकानाचे हिशेब रोज रात्री जपून ठेवणारी स्क्रिप्ट आहे, आणि तिला पुढच्या महिन्याचा क्रमांक हवा आहे. संगणकाला महिना विचारला, की तो दोन अंकांत सांगतो: ०१, ०२, ०३... तो 'म' मध्ये ठेवला आणि लिहिले $(($म + १)). जुलैपर्यंत उत्तर बरोबर. ऑगस्टात $((०८ + १)) होते आणि शेल 'चूक' म्हणून काम टाकतो. हिशेब राहिले तसेच!

असे का? मानकाने संख्या लिहिण्याचा नियम सी भाषेतून घेतला. तिथे आरंभी शून्य असेल तर ती संख्या अष्टमान पद्धतीची समजतात. आपण दहा-दहाचे गट करतो, अष्टमानात आठ-आठचे. अंक ० ते ७ एवढेच. '८' हा अंकच नाही! म्हणून ०७ चालतो, ०८ आणि ०९ अडतात. ऑक्टोबरात '१०' येतो, आरंभी शून्य नाही, आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरळीत. महिन्याऐवजी तारीख घेतलीत तर हा घोळ दर महिन्याच्या ८ आणि ९ तारखेला.

पण निदान इथे शेल ओरडतो तरी. ०१० मात्र तो मुकाट्याने आठ समजतो. पावती क्रमांक ०१० नंतर ०११ ऐवजी ९ यावा, आणि कुणाला पत्ताही लागू नये, हे मला अधिक वाईट वाटते. त्यातून 'झेड शेल'सारखे काही शेल एरवी ०१० ला दहाच मानतात. म्हणजे तीच ओळ, दोन यंत्रे, दोन उत्तरे.

यावर एक सोपी युक्ती आहे. शेलला सारी अक्षरेच दिसतात, याचाच फायदा घ्यायचा. संख्येपुढे नुसता १ चिकटवायचा आणि १०० वजा करायचे: $((१$म - १००)). ऑगस्टात १०८ वजा १००, उत्तर ८. डिसेंबरात ११२ वजा १००, उत्तर १२. हे कोणत्याही पॉझिक्स शेलवर चालते. पावतीचा क्रमांक तीन अंकी असेल तर १०० ऐवजी किती वजा करावे लागतील, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.