पन्हाळेकाझीचीं लेणीं : एका जुन्या उत्तराची दुरुस्ती

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आमचें नांदगांव हें प्रवासवर्णनांत शोभावें असें गांव नव्हे. महामार्गावरील तिठा, कोकण रेल्वेचें लहानसें स्थानक, भातशेतें आणि पूर्वेस सह्याद्रीची निळी रेघ, एवढेंच काय तें त्याचें वैभव. परंतु आमच्या अध्यापनाचीं बहुतेक वर्षें याच परिसरांत गेलीं, आणि पुढील वृत्तान्ताचें मूळही येथेंच आहे. म्हणून वाचकांनीं प्रथम क्षणभर आमच्या जुन्या वर्गांत यावें, अशी विनंति आहे.

सुमारें तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. इतिहासाचा तास चालू होता. अजिंठा, वेरूळ, कार्लें, भाजें हीं नांवें आम्ही फळ्यावर लिहीत होतों. इतक्यांत बौद्धवाडींतील एक अबोल मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, आपल्या कोकणांत नव्हतीं का हो बुद्धाचीं लेणीं?" आम्हीं खडू न थांबवितां उत्तर दिलें, "नाहीं रे. तीं सारीं घाटावर." मुलगा खालीं बसला, घंटा झाली, आणि उत्तर देणाऱ्यास उत्तराचा विसर पडला.

उत्तर साफ चुकीचें होतें. साष्टींत कान्हेरी येथें शंभरांवर लेणीं आहेत. महाडजवळ गांधारपालें आहे. राजपुरीच्या खाडीलगत कुडें आहे. सोपाऱ्याचा स्तूप तर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालींच उकलला होता. हें सारें कोकणच! अज्ञान म्हणावें, तर आमच्या शेजारच्या खारेपाटणचा ताम्रपट आम्हांस पाठ होता. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधील रट्टराज शिलाहाराचें तें शैव तपस्व्यांस दिलेलें दान. आपल्याच मुलखांतील बाळशास्त्री जांभेकरांनीं तो लेख प्रसिद्ध केला, हेंही आम्ही वर्गांत रंगून सांगत असूं. जें आमच्या आवडीचें तें मुखोद्गत, आणि समोरच्या मुलास हवें होतें तें मात्र ठाऊक नाहीं, अशी ती विद्वत्ता होती.

गेल्या मार्गशीर्षांत त्याच विद्यार्थ्याचें पत्र आलें. तो आतां दापोली तालुक्यांत स्वतः शिक्षक आहे. "गुरुजी, काकूंना घेऊन एकदां पन्हाळेकाझीला या. गर्दी नसते, तुम्हांला आवडेल," एवढाच मजकूर होता. सौभाग्यवती आणि महाविद्यालयांत शिकणारी आमची पुतणी यांना घेऊन आम्ही नांदगांव रोड स्थानकावर दिव्याकडे जाणारी गाडी धरली व खेडला उतरलों. तेथें तो मोटार घेऊन उभा होता. दापोलीच्या रस्त्यानें वाकवलीपर्यंत येऊन पुढें आंत वळलों. रस्ता झाडींतून खालीं उतरूं लागला, आणि शेवटीं कोटजाई नदीच्या कांठीं येऊन थांबला. पाण्याची खळखळ आणि एखाद्या पक्ष्याचा शब्द यांवांचून दुसरा आवाज नव्हता.

नदीच्या उजव्या तीरावर डोंगराच्या पायथ्याशीं अठ्ठावीस लेणीं ओळीनें कोरलेलीं आहेत. एकोणतिसावें थोडें दूर आहे व त्यास गौर लेणें म्हणतात. हें सारें विद्वानांच्या नजरेस आलें तें १९७० नंतरच्या दशकांत. या गांवीं एक ताम्रपट सांपडला. कोकणच्या इतिहासाचे संशोधक अण्णा शिरगांवकर यांनीं त्याचा मागोवा घेतला, आणि पुरातत्त्व खात्याचे त्या वेळचे महासंचालक म. न. देशपांडे यांनीं जातीनें लक्ष घालून नदीच्या गाळांत बुडालेलीं लेणीं मोकळीं करविलीं. त्यांचा यावरील ग्रंथ १९८६ सालीं प्रसिद्ध झाला.

तो ताम्रपट शके १०६१ चा, म्हणजे इ. स. ११३९ मधील, असून उत्तर कोकणच्या शिलाहार अपरादित्याचा पुत्र विक्रमादित्य याचा आहे. त्यांत या स्थळाचें नांव 'प्रणालक' असें येतें. संस्कृतांत प्रणाल म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट. कोकणी वाचकास फार दूर जाण्याचें कारण नाहीं; पावसाळ्यांत आपल्या घराच्या वळचणीस जी लावतों, ती पन्हळ याच शब्दाची लेक. आणि ज्या घरांत याज्ञवल्क्यस्मृतीवरील अपरार्काची टीका आदरानें जपली जाते, त्यांस हेंही सांगावेंसें वाटतें कीं, ती टीका याच अपरादित्य राजाच्या नांवावर आहे. धर्मशास्त्राचा तो थोर निबंध ज्या राजकुळांत निर्माण झाला, त्याच कुळाच्या अमलांत बौद्धांनीं कोरावयास आरंभ केलेल्या या डोंगरांत शिव-गणेशांची उपासना नांदत होती.

येथील काम एका हातचें नव्हे, एका शतकाचेंही नव्हे. इसवी सनाच्या सुमारें तिसऱ्या शतकांत हीनयान पंथाच्या भिक्षूंनीं आरंभ केला. त्यांचीं लेणीं साधीं: बसावयास दगडी बांक, निजावयास लहानशी खोली, वंदनास स्तूप, नक्षीचा सोस नाहीं. दहाव्या-अकराव्या शतकांत वज्रयान पंथाचे बौद्ध आले. त्यानंतर शिलाहारांच्या काळांत शैव व गाणपत्य उपासना आली. दारांच्या माथ्यावर गणेश बसले, आंत शिवलिंग आलें, छतांवर रामायणादि कथांचे प्रसंग उमटले, आणि अखंड दगडांतून चिमुकलीं शिखरयुक्त देवळें घडलीं. शेवटीं नाथपंथी आले. चौदाव्या लेण्यांत व गौर लेण्यांत नाथसिद्धांच्या आकृति आहेत. मत्स्येंद्र-गोरक्षांपासून गहिनी, निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव ही परंपरा ज्यांच्या नित्यपाठांत आहे, त्यांस तेथें आपल्या आजेगुरूंच्या ओसरीवर आल्यासारखें वाटेल.

दहाव्या लेण्यांत आम्ही अधिक वेळ थांबलों. तेथें महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ति आहे. अचल हें त्याचें दुसरें नांव. उजव्या हातांत खड्ग, डाव्या हातांत पाश; रूप उग्र, परंतु रोष माणसावर नसून त्याच्या अज्ञानावर आहे, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रांत ही मूर्ति अत्यंत विरळा. उलट जपानांत हाच देव 'फुदो' या नांवानें आजही पूजिला जातो, आणि नेपाळांतील नेवार बौद्धांतही त्याची उपासना टिकून आहे. कोटजाईच्या कांठचा एक मुका दगड आणि जपानांतील होमकुंड यांचें असें नातें असावें, हें ऐकून आमची पुतणी थक्क झाली.

सौभाग्यवतींनीं अंबाड्यांतील अबोलीचा वळेसर काढून हातांत घेतला आणि आमच्या विद्यार्थ्यास विचारलें, "अरे, इथं फूल वाहिलेलं चालेल का? तुमचा देव, म्हणून विचारते."

तो हंसून म्हणाला, "काकू, सरकारी संरक्षणातलं ठिकाण आहे, फूल राहूं द्या. आणि बाबासाहेबांनी १९५६ साली आम्हांला दिलेला बुद्ध हा असा नव्हे. आमच्या घरी खड्गपाशवाला देव नाही. हा मलाही पाहुणाच. पण पाहुणा आपल्याच गांवचा."

तिनें वळेसर तसाच हातांत ठेवून नमस्कार केला. त्यानेंही केला. आम्ही मागें उभे होतों. आमचे हात जोडले गेले ते मात्र कोणास, हें आम्हांस नीटसें सांगतां येणार नाहीं.

अशा स्थळांचें वर्णन करतांना 'विविध शैलींचा सुंदर मिलाफ' असें लिहिण्याची आपली रीत आहे. शब्द खोटा नाहीं, पण फार सोपा आहे. भिक्षूंनीं ज्या डोंगरांत निवारा कोरला, त्यांतच पुढें दुसऱ्यांचे देव आले. या मधल्या पायरीवर एक परंपरा उठून गेली, हें 'मिलाफ' म्हटल्यानें झांकलें जातें. येणारा आपली खूण दगडावर कोरून ठेवतो. जाणारा कांहीं कोरीत नाहीं. म्हणून मागाहून वाचणाऱ्यानें जाणाऱ्याचीही आठवण ठेवावी लागते. शिक्षकाचें काम याहून वेगळें काय असतें?

परततांना नदीकांठीं शिदोरी सोडली. तेव्हां आम्हीं सहज म्हटलें, "इतकीं वर्षें आम्हांला हें ठाऊक नव्हतें, पहा."

तो थोडा वेळ पाण्याकडे पाहात होता. मग म्हणाला, "गुरुजी, सातवीत मी तुम्हांला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नाही. मी घरी जाऊन बाबांना तसंच सांगितलं. प्रश्न त्यांचाच होता."

"मग ते काय म्हणाले?"

"काही नाही. गुरुजी म्हणाले म्हणजे नसतील, एवढंच म्हणाले. मी नोकरीला इकडे आलो, तेव्हा हे पाहिलं. तोपर्यंत ते गेले होते."

त्याच्या बोलण्यांत रागाचा लवलेश नव्हता. तो असता तर आम्हांस सोपें गेलें असतें. त्या गृहस्थानें आमच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि आपल्या भूमींत आपला भगवान कधीं नव्हताच, असें मानून डोळे मिटले. आम्हीं विद्यार्थ्याची क्षमा मागितली. "असूं द्या गुरुजी," म्हणून त्यानें पुतणीच्या पानावर आणखी एक घावन वाढलें.

सुज्ञ वाचकहो, हें लेणीं पाहण्याचें निमंत्रण तर आहेच. खेडपर्यंत रेल्वे आहे, पुढें रस्ता आहे, आणि पावसाळा ओसरल्यावर जावें. परंतु त्याहून अधिक हें एका उत्तराचें दुरुस्तिपत्र आहे. ज्यांस तें पोहोंचावयास हवें होतें, ते आतां नाहींत. म्हणून चार घरांत वाचलें जाईल अशा या पानावर तें लिहून ठेवतों: होय, आपल्या कोकणांत बुद्धाचीं लेणीं होतीं, आणि आहेत.